मॅग्नेटो ते मास्टर सिलिंडर : सुट्या भागांच्या मागावर चार दिवस

पहिला दिवस : परभणी ते जालना

मराठवाडा एक्स्प्रेसने परभणी स्थानक सोडले तेव्हा पुरते उजाडले नव्हते. जानेवारीची थंडी होती आणि डब्यात जालन्याला, संभाजीनगरला कामावर जाणाऱ्यांची नेहमीची गर्दी होती. माझ्याजवळ एक वही, व्हर्नियर कॅलिपर आणि फडक्यात गुंडाळलेला एक जुना स्पार्क प्लग एवढेच महत्त्वाचे सामान होते.

परभणी जिल्ह्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवतो. आमच्याकडून बाहेर पडणारी बरीच मुले वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कामाला लागतात. मागच्या दिवाळीत त्यांतला एक भेटायला आला आणि म्हणाला, "सर, तीन वर्षं झाली, पण काही शिकलो असं वाटत नाही. डाय बंद होते, धातू जातो, डाय उघडते. आपण फक्त बटण दाबायचं." (डाय म्हणजे धातू ओतण्याचा साचा.) त्याचे हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आम्ही वर्गात मोटारीचा इतिहास सांगतो तो डायम्लर, बेंझ आणि फोर्ड यांचा. मात्र ज्या प्रकारच्या कारखान्यात हा मुलगा रोज आठ तास उभा राहतो, त्या पुरवठादारांनी काय शोधून काढले आणि का, हे आम्ही त्याला कधीच सांगितलेले नव्हते. कार्यशाळेत एक लाकडी मांडणी रिकामी पडून आहे. तिच्यावर जुने भाग कालक्रमाने मांडावेत आणि प्रत्येकाखाली अडचण काय होती, कोणाची होती व तोडगा कोणी काढला, अशी चिठ्ठी लावावी, असे मी ठरवले. ते भाग गोळा करण्यासाठी हा प्रवास होता.

सेलू येईपर्यंत मी वहीतली रॉबर्ट बॉश यांच्यावरची टिपणे पुन्हा वाचून काढली. 15 नोव्हेंबर 1886 रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युत कामांची कार्यशाळा उघडली, तेव्हा हाताखाली एक कारागीर आणि एक निरोप्या मुलगा होता. दूरध्वनीची, विजेच्या घंटांची, जे मिळेल ते काम ते करत. पुढच्याच वर्षी एका ग्राहकाने एकाच जागी चालणाऱ्या इंजिनासाठी ठिणगी पाडणारे चुंबकी यंत्र, म्हणजे मॅग्नेटो, बनवून मागितला. तसा मॅग्नेटो डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर होता. बॉश शोर्नडॉर्फ गावी जाऊन तो पाहून आले, त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि तसाच, पण सुधारलेला नग बनवून दिला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जगातल्या सर्वांत मोठ्या सुटे-भाग पुरवठादाराची मोटार-क्षेत्राकडे जाणारी वाट दुसऱ्याची वस्तू पाहून, दुसऱ्याच्या मागणीवरून केलेल्या कामातून निघाली. आपल्याकडे 'नमुना बघून माल काढणे' हे हलक्या प्रतीचे काम समजले जाते. त्या समजुतीला पहिला धक्का मला इथे बसला.

खरी परीक्षा दहा वर्षांनी आली. 1897 मध्ये इंग्लंडमधील उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी द दियों-बूतों कंपनीची तीनचाकी गाडी पाठवली आणि तिच्यावर मॅग्नेटो बसवून मागितला. जागच्या जागी सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी बनवलेला मॅग्नेटो या वेगवान इंजिनाला पुरेना, कारण आतला जड आर्मेचर, म्हणजे तारेच्या गुंडाळीचा गाभा, तेवढ्या झपाट्याने मागे-पुढे हलूच शकत नव्हता. तोडगा सापडला तो कार्यशाळेचे फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर यांना. त्यांनी आर्मेचर स्थिर ठेवला आणि त्याच्याभोवती धातूची हलकी बाही हलवली. जड वस्तू हलत नसेल तर ती उभी ठेवून हलकी वस्तू हलवावी, ही युक्ती रोज हाताने काम करणाऱ्या माणसाची आहे. 1902 मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबत स्पार्क प्लग तयार केला, आणि मग मोटारीची ठिणगी खऱ्या अर्थाने भरवशाची झाली. 1906 मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉश यांनी आपल्या कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू केला. मराठवाड्यातल्या कोणत्याही गॅरेजात आजही दुचाकीच्या त्या भागाला 'मॅग्नेट' म्हणतात, पण तो शब्द कोठून आला हे मिस्त्रीला ठाऊक नसते आणि आम्हा शिक्षकांनीही ते सांगितलेले नसते.

जालन्याला उतरलो. लोखंडाच्या सळया बनवणाऱ्या कारखान्यांमुळे इथे भंगाराचा मोठा राबता आहे. त्यात एखादा जुना इंधन पंप सापडेल अशी माझी अपेक्षा होती. परंतु भंगारात आलेले पंप फोडलेले होते आणि त्यांच्या आतले काहीही शिल्लक नव्हते. त्यामुळे दुपारी डिझेल इंजिनांचे इंधन पंप दुरुस्त करणाऱ्या एका पंप रूमची वाट धरली. पंप रूम चालवणारे गृहस्थ साठीपलीकडचे आहेत आणि सगळा परिसर त्यांना उस्ताद म्हणतो. माझे काम ऐकून त्यांनी कपाटातून ट्रॅक्टरचा एक जुना पंप काढला, टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि तो माझ्यासमोर उघडला.

पंपाचे हृदय म्हणजे 'एलिमेंट', अर्थात एक प्लंजर आणि त्याचा बॅरल. उस्तादांनी प्लंजर डिझेलमध्ये बुडवून बॅरलच्या तोंडाशी धरला आणि सोडला, तेव्हा तो पडला नाही, तर आपल्याच वजनाने हळूहळू आत उतरत गेला. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांश भागांएवढी असते, आणि तिला कोणतेही पॅकिंग किंवा रिंग नसते. फट इतकी बारीक, की डिझेल त्यातून सहज निसटत नाही. "सर, ही दोघं एकमेकांसोबतच घासलेली असतात. एकाचा बॅरल दुसऱ्याला चालत नाही," उस्ताद म्हणाले. प्लंजरवर एक तिरपी खाच असते. प्लंजर वर जाताना दर वेळी तेवढाच वर जातो, पण तो स्वतःभोवती थोडा फिरवला की तिरप्या खाचेची कड बॅरलच्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते, आणि त्यावर किती डिझेल इंजिनात फवारणाऱ्या नोझलकडे जायचे हे ठरते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रत्यक्षात काय होते, हे मी वीस वर्षे फळ्यावर काढून सांगत आलो, पण उस्तादांनी दोन बोटांनी फिरवून दाखवलेला तो प्लंजर माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा स्पष्ट होता.

बॉश यांनी 1922 मध्ये डिझेलच्या पंपावर काम करण्याचे ठरवले, आणि 1927 मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. तोपर्यंत डिझेल इंजिन मुख्यतः जहाजात आणि कारखान्यात होते; रस्त्यावरच्या गाडीत बसेल एवढे लहान करायचे तर इंधन अचूक वेळी, अचूक मापाने आणि मोठ्या दाबाने देणारा छोटा पंप हवा होता. इंजिन बनवणाऱ्यांकडे तो मोठ्या प्रमाणावर बनत नव्हता. तो पुरवठादाराकडून आला, आणि मालमोटार व ट्रॅक्टर डिझेलवर चालू लागण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. भारतात हे तंत्र आले ते 1951 मध्ये स्थापन झालेल्या, बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीतून, म्हणजेच आपल्या 'मायको'मधून. पुढे नाशिकला तिचा कारखाना झाला आणि तिथे नोझल व इंजेक्टर बनू लागले. नाशिकचे मायको सर्कल सर्वांना माहीत आहे. कंपनीचे नाव 2008 मध्ये बदलून बॉश झाले, तरी चौकाचे नाव बदलले नाही. उस्तादही अजून 'मायकोचा एलिमेंट' असेच म्हणतात.

पंपाचे पैसे देऊ लागलो, तर ते त्यांनी घेतले नाहीत. मुलांना उघडून दाखवायचा, नुसता ठेवायचा नाही, एवढे मात्र त्यांनी बजावून सांगितले. संध्याकाळच्या एसटीने संभाजीनगर गाठले.

दुसरा दिवस : वाळूज

सकाळी शहरातून नगर रस्त्याने वाळूजकडे निघालो. पहिली पाळी सुरू होऊन गेली होती, तरी रांजणगाव शेणपुंजी आणि बजाजनगरच्या चौकांत कंपन्यांच्या बसगाड्यांची ये-जा संपलेली नव्हती. मी शिकत होतो तेव्हा या भागाकडे पाहण्याची आमची नजर वेगळी होती. तेव्हा वाळूज म्हणजे 'बजाज', एवढेच आम्हाला कळे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाली आणि औरंगाबादेत स्टेशन परिसर व चिकलठाणा इथे वसाहती उभ्या राहिल्या. दुचाकीच्या भागांचा मोठा व्यवसाय मात्र 1985 नंतरचा. त्या वर्षी बजाज ऑटोचा वाळूज कारखाना अवघ्या 16 महिन्यांत उभा राहून सुरू झाला, आणि त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. एवढा मोठा कारखाना पुण्यावरून प्रत्येक भाग मागवत राहिला तर कसे चालेल? आसपास पुरवठादार हवेत, ही गरज होती. त्याच सुमारास अनुरंग जैन यांनी औरंगाबादेत दोन डाय-कास्टिंग यंत्रांवर ॲल्युमिनियमचे भाग ओतायला सुरुवात केली. त्याच उद्योगातून आजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज उभी राहिली. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांच्या व्हेरॉक कंपनीची नोंदणी 1988 ची आहे आणि तिची सुरुवात प्लास्टिकच्या भागांपासून झाली. हे दोघेही राहुल बजाज यांचे भाचे. नातेसंबंधामुळे पहिले काम मिळणे सोपे झाले असेल, हे मी नाकारत नाही. परंतु ओतकामापासून शॉक ॲब्सॉर्बर, क्लच आणि डिस्क ब्रेकपर्यंत जाण्यासाठी नाते पुरत नाही, त्यासाठी माप सांभाळावे लागते. एन्ड्युरन्सने 2020 मध्ये इटलीतील ॲडलर ही क्लच बनवणारी कंपनी विकत घेतली. व्हेरॉकने 2012 मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा दिव्यांचा जागतिक व्यवसाय घेतला आणि त्यातला मोठा भाग 2022 मध्ये फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियमला विकून टाकला. वाळूजच्या मातीतून निघालेल्या कंपनीने एवढी उडी घ्यावी आणि नंतर आपला आवाका पाहून मागे यावे, या दोन्ही गोष्टी मुलांना सांगण्यासारख्या आहेत, असे मला वाटते.

पण मला ज्या कारखान्यात जायचे होते, त्याची पाटीही रस्त्यावरून दिसत नाही. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे ते युनिट आहे. चार डाय-कास्टिंग यंत्रे, एक भट्टी, ओतीव माल साफ करण्याचा फेटलिंग विभाग, शेवटी तपासणी. तो थेट वाहन कंपनीला माल देत नाही. मोठ्या पुरवठादाराला देतो आणि तो मोठा पुरवठादार ब्रेकची जुळणी करून पुढे पाठवतो. आल्याबरोबर त्याने पाया पडून खुर्ची दिली, आणि चहा येण्याआधीच मला भट्टीपाशी नेले.

एडीसी-12 हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू साधारण 680 अंशांवर वितळलेला असतो. पळीने तो शॉट स्लीव्हमध्ये, म्हणजे डायला जोडलेल्या नळकांड्यात, ओतला जातो, मागून प्लंजर येतो आणि सेकंदाच्या काही शतांश भागात सगळा धातू डायमध्ये भरला जातो. डाय उघडली की चमकदार नग बाहेर येतो; त्याला चिकटलेले रनर (धातू आत येण्याच्या वाटेत गोठलेला भाग) आणि कडेचा फ्लॅश (फटीतून निसटलेला पातळ पापुद्रा) काढून टाकायचा. बटण दाबणाऱ्या मुलाला एवढेच दिसते. आत काय घडते ते मात्र दिसत नाही, आणि सगळे दुखणे तिथेच असते. ॲल्युमिनियम घट्ट होताना सुमारे 6 टक्के आकसते. जिथे भिंत जाड, तिथला धातू सर्वांत शेवटी घट्ट होतो, आणि आकसताना त्याला भरून काढायला आजूबाजूचा धातू उरलेला नसतो. मग आत बारीक पोकळ्या राहतात. बाहेरून नग निर्दोष दिसतो.

काही वर्षांपूर्वी याच पोकळ्यांनी माझ्या विद्यार्थ्याला जवळपास बुडवले होते. डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे काम त्याला मिळाले होते. मास्टर सिलिंडर म्हणजे हँडलवरचा तो भाग, ज्यात लिव्हर दाबल्यावर तेलाचा दाब तयार होतो. तिथे गळती म्हणजे ब्रेक नाही. नग आतून मशिनिंग करून हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवले की काही नगांतून बुडबुडे येत. लॉटच्या लॉट परत येऊ लागले. माल घेणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते की ड्रॉइंग बरोबर आहे, तुमची प्रक्रिया चुकते आहे. त्याने धातूचे तापमान बदलले, प्लंजरचा वेग बदलला, डायमधली हवा बाहेर काढण्याच्या वाटा वाढवल्या. फरक पडला, पण पुरेसा नाही. कामगारांचा पगार त्याने त्या महिन्यात सोने गहाण ठेवून केला, हे सांगताना तो माझ्याकडे न पाहता भट्टीकडे पाहत होता.

वळण आले ते तपासणीच्या हौदापाशी. तिथे गंगापूर तालुक्यातल्या एक ताई काम करतात. बुडबुडा कोठून येतो त्या जागी खडूने खूण करण्याची सवय त्यांनी आपणहून लावून घेतली होती. नापास नगांचा ढीग फेरओतणीसाठी निघाला, तेव्हा त्यांनी माझ्या विद्यार्थ्याला बोलावून सांगितले, "दादा, सगळ्या खुणा एकाच गाठीपाशी आहेत." खरोखरच, तेलाच्या नळीचा बोल्ट जिथे बसतो त्या जाड गाठीभोवतीच सगळ्या खुणा होत्या. दोष प्रक्रियेत जेवढा होता, त्याहून अधिक आकारात होता. त्याने गाठीच्या मागच्या बाजूने डायमध्ये एक कोअर पिन, म्हणजे ओतीव नगात खळगा राखणारी दांडी, बसवून तिथला जादा धातू कमी केला. भिंत सारख्या जाडीची झाली, धातू सर्वत्र जवळपास एकाच वेळी घट्ट होऊ लागला आणि बुडबुडे थांबले. मग ड्रॉइंग बदलून घेण्याची खटपट सुरू झाली. दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये एक खळगा मागायचा होता. ताकदीच्या चाचण्या, कागदपत्रे, पुन्हा चाचण्या, यांत पाच महिने गेले. अखेर बदल मंजूर झाला. शिवाय नग काही ग्रॅम हलका झाला, तो फायदा सर्वांचाच झाला.

मी वही काढून त्याला शोर्नडॉर्फची आणि त्सेरिंगर यांच्या हलक्या बाहीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आतून दोन नग आणून माझ्यापुढे ठेवले, एक जुना आणि एक नवा. दोन्ही करवतीने मधोमध कापलेले होते. जुन्याच्या गाठीत काळसर ठिपक्यांचा पुंजका होता, नव्यात स्वच्छ धातू. "सर, हे घेऊन जा. पण कंपनीचं नाव लिहू नका." मी तसे कबूल केले.

रात्री बजाजनगरमध्ये त्याच्याच घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा. त्याच्या वडिलांना मी त्याच्या प्रवेशाच्या वेळी पहिल्यांदा भेटलो होतो, हे त्यांना अजून आठवत होते.

तिसरा दिवस : चिकलठाणा

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. डाय आणि साचे बनवण्याचे शिक्षण देणारी ही केंद्र शासनाची संस्था या भागातल्या उद्योगांना फार मोठा आधार आहे, कारण ज्याला डाय स्वतः बनवता किंवा बदलता येत नाही, त्याला ड्रॉइंगबद्दल बोलण्याचा धीरही होत नाही. कोअर पिनची कल्पना माझ्या विद्यार्थ्याला एकट्याने सुचली असती, तरी ती प्रत्यक्षात आणायला प्रशिक्षित टूलमेकर लागलाच असता.

दुपारी जालना रस्त्यावरच्या एका गॅरेजात एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या व्यवस्थेचा, निकामी झालेला एक संच मिळाला. अपघातग्रस्त मोटारसायकलवरून काढलेला, हाताच्या पंजात मावेल एवढा. याचा इतिहास मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात पुरवठादाराचा धीर दिसतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक थांबते पण गाडी घसरत राहते, ही जुनी अडचण. चाकाचा वेग मोजायचा, चाक अडकू लागले की तेलाचा दाब क्षणभर कमी करायचा आणि पुन्हा वाढवायचा, हे सेकंदात अनेकदा करायचे, ही कल्पनाही जुनीच होती. पण सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात सुमारे 1,000 घटक होते आणि गाडीतले हादरे, उष्णता व ओल यांपुढे ते टिकत नव्हते. बॉशने डिजिटल तंत्र आणून ती संख्या 140 वर आणली आणि 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही व्यवस्था दिली. तो पहिला संच 6.3 किलो वजनाचा होता. छोट्या दुचाकीला एवढे वजन परवडत नाही, म्हणून पुढची तीन दशके वजन आणि आकार कमी करण्यात गेली. भारतात 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात कुत्रे आडवे आल्यावर ज्याची गाडी सरळ उभी राहिली, त्याच्या जिवामागे एवढी मोठी परंपरा उभी असते.

गॅरेजवाल्याने कॉमन रेलचा, म्हणजे एकाच सामाईक नळीत मोठ्या दाबाने साठवलेले डिझेल सर्व सिलिंडरांना देणाऱ्या व्यवस्थेचा, एक इंजेक्टरही दिला. 1997 मध्ये हे तंत्र पहिल्यांदा मोटारीत आले, 1,350 बार दाबाने. त्याचा मूळ विकास इटलीत फिॲटच्या गटाने केला होता, आणि ते मोठ्या प्रमाणावर बनवण्यायोग्य बॉशने केले. शोध लावणे आणि तो रोज हजारो नगांत सारखाच उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही. उस्तादांचा एलिमेंट आणि हा इंजेक्टर मांडणीवर शेजारी शेजारी ठेवायचे, असे तिथेच ठरवले.

चौथा दिवस : परत परभणीला

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. पंपाचे वजन चांगलेच जाणवत होते. दुपारी संस्थेत पोचलो आणि दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मांडणी पुसली. वरच्या फळीवर स्पार्क प्लग आणि संस्थेतच पडून असलेला जुन्या स्कूटरचा मॅग्नेट, मधल्या फळीवर ट्रॅक्टरचा पंप आणि इंजेक्टर, खालच्या फळीवर एबीएसचा संच आणि कापलेले दोन मास्टर सिलिंडर. मुलांनी पंप उघडला. प्लंजर आपल्या वजनाने उतरताना पाहून एकाने तो सात-आठ वेळा वर उचलून सोडला.

मग चिठ्ठ्या लिहायला बसलो. 1897, अडचण वेगाची, तोडगा आर्नोल्ड त्सेरिंगर, फोरमन. 1902, गॉटलोब होनोल्ड. मास्टर सिलिंडरपाशी येऊन हात थांबला. अडचण लिहिली, तोडगा लिहिला. कोणी काढला ती ओळ कोरी राहिली. माझ्या विद्यार्थ्याला फोन केला आणि म्हटले की त्या ताईंना विचार, तुमचे नाव लिहिले तर चालेल का. संध्याकाळी त्याचा फोन आला. ताईंनी नाव लिहायला नको म्हटले होते. लिहायचेच असेल तर त्या दिवशी हौदावर सगळ्याजणी होत्या, सगळ्यांचे लिहा, असा त्यांचा निरोप होता. नावे सहा होती आणि चिठ्ठी लहान होती. तेव्हा त्यांच्याच सांगण्याप्रमाणे मी लिहिले : गळती तपासणी, दुसरी पाळी, वाळूज.